तापलेली कॉइल आणि बोटाएवढा कंडेन्सर

मे महिन्याच्या दुपारी नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत एखादी जुनी पद्मिनी नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती ८०० बॉनेट उघडून उभी राहिली, की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘तापलीय, पाणी घाला.’ ‘एअर धरली असेल.’ ‘बॅटरी बघा आधी.’ मग बिसलरीची बाटली येते, पाणी ओतलं जातं, चहा होतो आणि अर्ध्या तासाने गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. श्रेय पाण्याला. प्रत्यक्षात काम केलेलं असतं त्या अर्ध्या तासाने. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं.)

गरम झाली की बंद आणि गार झाली की सुरू, हे लक्षणच अर्धं निदान आहे. प्लग काळे पडले असते, तर नुसतं थांबून फरक पडला नसता. उष्णतेने बिघडणारं आणि थंडाव्याने सुधारणारं काहीतरी शोधायचं, म्हणजे संशयित मुख्यतः दोन: पेट्रोल आणि ठिणगी.

पेट्रोलचं चटकन सांगतो. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. इंजिनाला चिकटलेला पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब आणखी कमी होतो, त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाबही थोडा कमीच; आणि दाब कमी की उकळणं सोपं. नळीत वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो आणि पेट्रोल वर चढत नाही. ओळखायचं कसं? एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवायची. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल पोचतंय. कोरडं असेल, तर पंपावर ओलं फडकं टाका आणि थांबा. विषय संपला.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या संशयितात.

प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे असते १२ व्होल्टची बॅटरी. हा चमत्कार कॉइल करते. आत लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या: जाड तारेचे दोन-अडीचशे वेढे आणि केसासारख्या तारेचे वीसेक हजार. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय: चुंबकक्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज निर्माण होतं. पण किती? ते क्षेत्र किती झटक्यात बदलतं त्यावर ठरतं. म्हणून ठिणगी पडते ती करंट चालू होताना नाही, तोडताना. हा तोडायचा उद्योग डेल्कोमधले (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे दोन ठिपके, करतात, अर्ध्या मिलिमीटरहून कमी फटीने. ३,००० आरपीएमला चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला १०० वेळा!

आता खरी गंमत. वाहता करंट तोडणं सोपं नाही. टाकीच्या नळाची तोटी एकदम बंद केली की पाइप कसा ठणकतो, तसाच कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो. पॉइंट उघडताच तो त्या इवल्याशा फटीतून ठिणगी होऊन उडी मारतो. म्हणजे ठिणगी पडली, पण भलत्याच ठिकाणी. पॉइंट जळतात, क्षेत्र आरामात ओसरतं आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. इथे उपयोगी पडतो तो कंडेन्सर: डेल्कोच्या अंगाला स्क्रूने लावलेली, करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी. फट पुरेशी रुंद होईपर्यंतच्या काही मायक्रोसेकंदांत तो करंट स्वतःत घेतो. फटीत ठिणगी नाही, क्षेत्र धाडकन कोसळतं, जाड गुंडाळीवर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि बारीक गुंडाळीत वीस हजारांच्या पुढे. ही युक्ती फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये सुचवली, मोटारगाडी जन्मायच्या कितीतरी आधी. बॅटरीवर चालणारी ही व्यवस्था गाडीत रुळवली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, १९१० च्या सुमारास.

कंडेन्सर म्हणजे तरी काय, कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा मध्ये घालून गुंडाळलेल्या धातूच्या पट्ट्या. पडदा म्हातारा झाला की तापल्यावर त्यातून करंट गळू लागतो. पूर्ण शॉर्ट झाला, तर पॉइंट उघडूनही करंट तुटतच नाही आणि ठिणगी शून्य. गार झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

आणि कॉइल? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ३ ओहम असलेली गुंडाळी १०० अंशांना ३.९ ओहम होते. १२ व्होल्टला ४ अँपिअरऐवजी ३.१ अँपिअर. साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे उरली साठ टक्के. त्यात सेल्फ मारला की बॅटरी साडेनऊ व्होल्टपर्यंत खाली बसते, करंट २.४, ऊर्जा ३६ टक्के. धावत्या गाडीत हेच व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, म्हणून तापलेली कॉइल रस्त्यावर कशीबशी खेचते आणि सिग्नलला बंद पडली की सेल्फवर उठत नाही. तीच गाडी चार जणांनी धक्का मारल्यावर लगेच सुरू होते, कारण धक्क्यात सेल्फ बॅटरी ओरबाडत नाही. ज्या कॉइलला जोडीला बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा जादा रोध) असतो, तिथे सेल्फच्या वेळी तो वगळून ही तूट भरून काढतात. आतलं इन्सुलेशन तडकलं असेल, तर मात्र हिशेब आणखी बिघडतो.

प्लग काढून, त्याचं अंग इंजिनाला टेकवून ‘करंट येतोय का’ बघायची गॅरेजची पद्धत चांगलीच आहे. फक्त पेट्रोल सांडलेलं नको आणि वायर उघड्या हाताने धरायची नाही. निळी, टक्‌ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक दिसली तर फसू नका. मोकळ्या हवेत ती पडते, पण सिलिंडरमधल्या सात-आठपट दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ‘ठिणगी तर येतेय’ म्हणून कॉइलला निर्दोष सोडणारे इथेच चुकतात.

बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्या लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो, एवढं सांगून सोडतो. राग येतो तो पेट्रोलच्या नळीला मॅग्नेट लावून ‘मायलेज वाढवा’ म्हणणाऱ्यांचा. पेट्रोलच्या रेणूंवर त्या मॅग्नेटचा ढिम्म परिणाम होत नाही.

कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी अशी बसली, तर आधी धार बघा, मग ठिणगी. ठिणगी मलूल असेल तर किल्ली बंद करून कॉइलच्या डबीभोवती ओलं फडकं गुंडाळा, फक्त डबीभोवती; डेल्कोच्या टोपीवर पाणी गेलं तर नवीनच दुखणं. दहा मिनिटांनी ठिणगी निळी झाली, तर चोर सापडला. नाही झाली, तर डेल्कोची टोपी उघडा. पॉइंट निळे-काळे, खड्डे पडलेले दिसले, तर कंडेन्सर बदला. नाशिकला पोचेपर्यंत पॉलिश पेपरने पॉइंट घासून काम भागतं. नंतर पॉइंटसुद्धा नवे टाका.