परदेशी सिनेमा मराठवाड्यात कोणत्या वाटेने आला

दिग्दर्शिका कार्ला सिमोनच्या 'आल्कारास' या चित्रपटातलं सोले कुटुंब स्पेनमधल्या कातालोनियात पीचची बाग पिढ्यान्‌पिढ्या कसत आलंय. जमीन मात्र दुसऱ्याची. स्पेनच्या यादवी युद्धात सोल्यांनी जमीनदाराच्या घरच्यांना लपवून वाचवलं होतं. त्या उपकारापोटी जमीन तोंडी बोलीवर मिळाली, कागद कुणीच केला नाही. आता जमीनदाराच्या वारसाला झाडं उपटून तिथे सौर पट्ट्या बसवायच्या आहेत आणि कागद दाखवा म्हटलं की सोल्यांच्या घरात शोधूनही काही सापडत नाही. २०२२ साली या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं.

धाराशिवच्या किंवा बीडच्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. बटईचं शेत, शब्दावर चाललेला व्यवहार, सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव, माळावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या हे सगळं त्याच्या रोजच्या बोलण्यातलं. मराठवाड्याला तर कूळकायदाही वेगळाच, हैदराबाद संस्थानच्या मुलखासाठी केलेला १९५० चा. त्यामुळे वहिवाट आणि मालकी यांतलं भांडण इथे प्रत्येक गावाला पाठ आहे. सिमोननं पात्रंही त्या भागातल्याच लोकांतून निवडली, सराईत नट घेतले नाहीत. त्यांच्या बसण्या-उठण्यात, एकमेकांवर खेकसण्यात ते दिसतं. मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात जवळचा वाटलेला परदेशी चित्रपट हाच.

त्याच्या पाठोपाठ जपानी दिग्दर्शक हामागुचीचा 'ईव्हिल डझ नॉट एक्झिस्ट'. २०२३ साली व्हेनिसमध्ये त्याला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. टोकियोजवळच्या डोंगरातल्या गावात एका कंपनीला श्रीमंती थाटाच्या तंबूंचं पर्यटन सुरू करायचं आहे आणि मैल्याची टाकी वरच्या अंगाला बसवायची आहे. म्हणजे घाण खालच्यांच्या पाण्यात. गावकऱ्यांची आणि कंपनीच्या माणसांची बैठक दिग्दर्शकानं सावकाश, जवळजवळ पूर्णच दाखवली आहे. कुणी आवाज चढवत नाही, फक्त एकेक प्रश्न येत राहतो आणि कंपनीवाले उघडे पडत जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना ही बैठक संथ वाटणार नाही. शेवट मात्र मला अजून पटलेला नाही.

उलट जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' सगळ्यांनी डोक्यावर घेतला, मला तो जरा गोडच वाटला. कोजी याकुशोचं काम अप्रतिम, कान महोत्सवातला अभिनयाचा पुरस्कार योग्यच. पण स्वच्छतागृहं धुणाऱ्या माणसाची ही गोष्ट असूनही त्यात घाण कुठे दिसत नाही. सफाईचं काम कुणाच्या वाट्याला येतं आणि का येतं, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला ठाऊक असतं. त्यानं एवढ्या शांततेवर विश्वास ठेवावा तरी कसा?

असे चित्रपट आज परभणीत बसून मोबाईलवर पाहता येतात. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे मोठ्या पडद्यावरही जगभरचा सिनेमा येतो. २०२५ च्या जानेवारीत त्याचं दहावं पर्व झालं आणि अजिंठ्याच्या चित्रावरून नाव घेतलेला पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना मिळाला. त्याआधीच्या वर्षी तो जावेद अख्तर यांना मिळाला होता. या सगळ्यामागची वाट मात्र बरीच लांबची आणि वाकडी आहे.

हिंदी चित्रपटांच्या धंद्यात मराठवाडा 'निजाम' सर्किटात, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानच्या वितरण विभागात मोजतात. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र तेलंगण, मराठवाडा आणि बिदर-गुलबर्गा-रायचूर एकाच खात्यात राहिले. राज्य बदललं तरी रिळांच्या पेट्यांचा रस्ता हैदराबादचाच. नकाशे किती चिवट असतात ते पाहायचं असेल तर महसूल खात्यापेक्षा चित्रपटाचा धंदा पाहावा.

हैदराबादशी सिनेमाचं नातं तसं जुनं. १९२२ साली धीरेन गांगुलींनी तिथे लोटस फिल्म कंपनी काढली होती. पुढे 'रझिया बेगम' दाखवल्यावरून निजामाची मर्जी फिरली आणि त्यांना संस्थान सोडावं लागलं. दुसरा वारसा भाषेचा. संस्थानचा कारभार उर्दूत, त्याआधी फारसीत. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दख्खनी असं जगणाऱ्या पिढीला पडद्यावर परकी भाषा आली म्हणून कधी बिचकायला झालं नाही. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू चित्रपट पाहायला तेलुगू यावीच लागते असं कुणी मानत नाही. इराणी चित्रपट पाहताना उर्दू वाचणाऱ्या जुन्या माणसाचे कान टवकारतात, कारण मधूनमधून ओळखीचं काहीतरी ऐकू येतं. त्यामुळे छोट्या गावातल्या लोकांना दुसऱ्या भाषेचा सिनेमा झेपत नाही, हे शहरी मत मला नेहमीच बिनबुडाचं वाटत आलंय.

मग अडलं कुठे? पेटीत. जगातला बरा सिनेमा या देशात दुसऱ्याच दारानं आला. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत सुरू झाला, २३ देशांनी भाग घेतला, मग तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांत फिरला. इटलीतला नववास्तववाद, म्हणजे साध्या माणसांचं जगणं आहे तसं दाखवणारा सिनेमा, आपल्या दिग्दर्शकांनी तिथे पाहिला आणि त्याचा परिणाम हिंदी-बंगाली सिनेमावर पुढच्या दोन-तीन वर्षांतच दिसला. फिल्म सोसायटी म्हणजे वर्गणी काढून चांगला सिनेमा पाहणाऱ्यांचं मंडळ, त्यातली कलकत्त्याची १९४७ ची. देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ ला झाला, अध्यक्ष सत्यजित राय. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ ला सुरू झालं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ला आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला आलं. पी. के. नायर यांनी उभ्या केलेल्या या संग्रहालयातून सोसायट्यांना रिळं मिळत. बाकीची वकिलातींकडून, बरीचशी पूर्व युरोपची. सेन्सॉरची सूट होती, पण ती फक्त सभासदांपुरती. म्हणजे वर्गणी भरणारे सभासद हवेत, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर हवा, तो चालवणारा हवा, आणि पुण्या-मुंबईहून पेटी आणून वेळेत परत करणारा कुणीतरी उत्साही माणूस हवा. पुण्यात हे जमणं सोपं होतं, कारण संग्रहालय गावातच. नांदेडहून पेटीसाठी जायचं म्हणजे दोन-तीन दिवस गेलेच.

एकीकडे धंद्याच्या पेट्या हैदराबादहून, दुसरीकडे कलेच्या पेट्या पुण्यात. या दोन रस्त्यांच्या मध्ये मराठवाडा राहिला. धंद्याच्या वाटेनं आलं ते 'इंग्लिश पिक्चर'. मग तो हाँगकाँगचा का असेना, आपल्याकडे तो इंग्लिशच. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'नंतर ब्रूस ली तर गल्लीतल्या पोरांचाही झाला. उरलेलं मॉर्निंग शोला लागे आणि त्याचं पोस्टर पाहून घरची माणसं परदेशी सिनेमाविषयी कायमचं मत बनवून टाकत. या बदनामीनं किती चांगले प्रेक्षक दूर ठेवले, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

इथे एक गोष्ट मला फार लागते. त्याच काळात सोव्हिएत पुस्तकं मराठीत येत होती, लोकवाङ्मय गृहामार्फत स्वस्तात घरोघर जात होती. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळामास्तरांच्या कपाटात गॉर्की मराठीतून बसलेला. रशियन सिनेमा मात्र कधी मराठीतून आला नाही. वाचनाची भूक पुस्तकांनी भागवली, पाहण्याची नाटकानं. औरंगाबादेत विद्यापीठाचा नाट्यविभाग होता, 'जिगीषा'सारखी संस्था तिथेच उभी राहिली आणि तिच्यातले चंद्रकांत कुलकर्णी पुढे त्याच शहरातल्या महोत्सवाच्या कामात आले. नाटकातून आलेला माणूस या ठिकाणी बसणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लर आले, नव्वदीत केबल. १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत बोलला आणि हॉलिवूड तालुक्यापर्यंत पोचलं, पण त्यानं फायदा झाला तो हॉलिवूडचाच. मग दहा-वीस रुपयांच्या सीड्या. त्यांत चुकून इराणी दिग्दर्शक माजिद माजिदीचा एखादा चित्रपट निघे. २००५ नंतर उपग्रहावरून थेट थिएटरात चित्रपट पोचवण्याची सोय झाली आणि पेटीचं राज्य संपत आलं. २०१६ ला नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला. निजाम सर्किट खऱ्या अर्थानं मोडलं ते तेव्हा. २०२० च्या फेब्रुवारीत 'पॅरासाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, इंग्रजीबाहेरचा तो पहिलाच. त्यानंतर कोरियन सिनेमा पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी तरी मोजणं सोडून दिलं.

राहिला अडथळा तो पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळींचा. महोत्सवात त्या इंग्रजीत असतात, मोबाईलवर हिंदी डबिंग असतं. ज्याला इंग्रजी भरभर वाचता येत नाही तो हिंदीकडे वळतो. डबिंगमध्ये हामागुचीच्या त्या बैठकीतले थांबे, अडखळणं, नम्रपणे मारलेले टोमणे सगळे सपाट होतील. पूर्वी ओळी रिळावरच कोरलेल्या असायच्या, बदलायच्या तर नवी प्रत लागायची. आता त्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तेव्हा चित्रपटाच्या मालकांची परवानगी मिळाली तर खर्च उरतो तो अनुवादकाच्या मेहनतान्याचा आणि ओळी वेळेवर बसवणाऱ्याचा. संभाजीनगरच्या महोत्सवानं पुढच्या पर्वात शेती-पाण्याचे चार-पाच चित्रपट निवडून त्यांना मराठी ओळी द्याव्यात आणि त्यांचा एखादा खेळ लातूरला, एखादा परभणीला लावावा. भाषांतराला विद्यापीठातले भाषा विभाग आहेत, बोलीचा कान असलेली नाट्यशास्त्राची मुलं आहेत.