सव्वा टनाचा भोपळा आणि वीतभर देठ

४ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडमधल्या रीडिंगजवळ एक भोपळा काट्यावर ठेवला गेला आणि आकडा स्थिरावला १,२७८.८ किलोवर. लिमिंग्टनच्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी पिकवलेलं हे फळ तोवर जगात तोललेल्या कुठल्याही भोपळ्यापेक्षा जड होतं. आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच लहान मोटारीही यापेक्षा हलक्या असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लिंबाएवढं असलेलं फळ साधारण शंभर दिवसांत इथवर पोचतं. त्यातली साखर, पाणी, क्षार, सगळं एकाच देठातून आत गेलेलं असतं, आणि तो देठ असतो जेमतेम वीतभर.

आधी देठावरूनच एक ओळख करून घेऊ. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळा किंवा डांगर बहुतेक वेळा क्युकर्बिटा मोशाटा या जातीचा असतो. विक्रमी भोपळे क्युकर्बिटा मॅक्झिमा या जातीचे. दोघे चुलत भाऊ म्हणा. मोशाटाचा देठ कठीण, पाच कडांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. मॅक्झिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर हात लावून बघा. मॅक्झिमाचा रानटी पूर्वज आजही अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या बाजूला सापडतो. त्याचं फळ चेंडूएवढं आणि चवीला कडू. हजारो वर्षं शेतकऱ्यांनी मोठ्या फळाचं बी राखून ठेवलं, त्यातून आजचा मॅक्झिमा घडला.

मोठ्या भोपळ्याचं वेड नवीन नाही. १८५७ साली अमेरिकेतले लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी फ्रेंच वाणाच्या बियांतून १२३.५ पौंडांचा (५६ किलो) भोपळा पिकवल्याची नोंद आहे. खरी स्पर्धा मात्र कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, गॉडरिच गावच्या विल्यम वॉर्नॉक यांच्यापासून धरायला हवी. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा ३६५ पौंडांचा भोपळा होता, १९०० मध्ये पॅरिसला ४०० पौंडांचा आणि १९०४ मध्ये सेंट लुईसला ४०३ पौंडांचा, म्हणजे जवळपास १८३ किलो. हा शेवटचा आकडा तब्बल ७२ वर्षं टिकला. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बॉब फोर्ड यांनी ४५१ पौंड गाठले तेव्हा कुठे तो मोडला.

बहात्तर वर्षांत बावीस किलोंची वाढ. त्यानंतरच्या ४९ वर्षांत हजार किलोंहून जास्त. एवढा फरक खतांनी पडत नाही. तो पडला बियांची वंशावळ राखल्यामुळे. भोपळ्याचं परागीभवन मधमाश्या करतात. त्यामुळे आई कोण हे माहीत असलं तरी बाप कोण ते सांगता येत नाही. मोठ्या फळाचं बी पेरायचं आणि दैवावर हवाला ठेवायचा, हीच जुनी रीत होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी हॉवर्ड डिल नावाचे दूधव्यवसाय करणारे शेतकरी होते. त्यांनी जुन्या थोराड वाणांमध्ये स्वतःच्या हाताने संकर केले, नर आणि मादी दोन्ही निवडून, वर्षानुवर्षं. त्यातून 'अटलांटिक जायंट' हा वाण तयार झाला. डिल १९७९ ते १९८२ असे सलग चार वर्षं जगज्जेते होते. त्यांचा १९८१ चा भोपळा ४९३.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २२४ किलोंचा. आज काट्यावर चढणारे जवळजवळ सगळे राक्षसी भोपळे याच वाणाच्या वंशातले आहेत. विक्रमवीरांच्या यादीत सर्वांत महत्त्वाचं नाव कुणाचं, तर मी डिल यांचं घेईन.

पुढचे टप्पे भराभर आले. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पॉला आणि नेथन झेअर यांनी १,०६१ पौंडांसह हजार पौंडांची भिंत ओलांडली. ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी २००६ मध्ये १,५०२ पौंड आणि २०१२ मध्ये २,००९ पौंड गाठले. एकाच माणसाने दोन मोठे टप्पे पहिल्यांदा ओलांडले, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. मग विक्रम युरोपात गेला. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडचे बेनी मायर १,०५४ किलो, २०१६ मध्ये बेल्जियमचे मथियास विलेमाइन्स १,१९०.५ किलो, २०२१ मध्ये इटलीतल्या टस्कनीचे स्तेफानो कुत्रुपी १,२२६ किलो. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे १,२४७ किलोंसह तो अमेरिकेत परत नेला आणि दोन वर्षांनी पेटन बंधूंनी इंग्लंडात.

या निवडीने वेलीच्या आत नेमकं काय बदललं? वनस्पतिशास्त्रज्ञ जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मॅक्झिमाच्याच लहान फळांच्या आणि राक्षसी फळांच्या वाणांची तुलना प्रसिद्ध केली. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत नेणाऱ्या नळ्यांना आपण शाळेत रसवाहिन्या म्हणून शिकलो. राक्षसी वाणांत प्रत्येक नळीची रचना किंवा रसाचा गोडवा फारसा बदललेला नव्हता. वाढलं होतं रसवाहिन्यांचं एकूण प्रमाण, पानांच्या देठांत आणि फळाच्या देठातही. गावाला पाणी कमी पडलं म्हणून पंपाचा जोर न वाढवता जास्त पाइप टाकावेत, तसं हे झालं. फक्त मोठं फळ बघून बी राखणाऱ्या शेतकऱ्यांनी नकळत जास्त पाइपांची वेल निवडली होती.

आता प्रत्यक्ष लागवड. बी पेरण्याआधी कानशीने किंवा पॉलिशपेपरने त्याच्या कडा हलक्या घासतात, म्हणजे जाड सालीतून पाणी लवकर शिरतं. टोकदार बाजूला मात्र हात लावायचा नाही, कारण मूळ तिथून फुटतं. मग काही तास कोमट पाण्यात भिजवून २९ ते ३२ अंश सेल्सियसला ठेवलं की चार-पाच दिवसांत कोंब वर येतो. रोप जमिनीत लावताना एक खूण जाणकार हमखास बघतात: बीजपत्रांनंतरचं पहिलं खरं पान ज्या दिशेला, त्याच्या उलट दिशेला मुख्य वेल धावते. हे ध्यानात न घेता लावलं तर पुढे वेल वळवताना ती बुडाशी मोडते. थंड देशांत एप्रिलमध्ये बी घरात रुजवून मेमध्ये रोप बाहेर छोट्या प्लास्टिकच्या बोगद्यात लावतात.

एका वेलीला साधारण ७५ ते १०० चौरस मीटर जागा देतात. मुख्य वेल सरळ, तिच्यापासून दोन्ही बाजूंना काटकोनात फांद्या, आणि फांद्यांना फुटणारे पोटफुटवे सगळे खुडायचे. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी रचना दिसते. जसजशी वेल वाढेल तसतसा तिचा प्रत्येक पेर ओल्या मातीने झाकतात, कारण प्रत्येक पेरातून नवीन मुळं फुटतात. पाणी त्यामुळे एका बुडख्यातून न येता शेकडो ठिकाणांहून वर चढतं. या कामात कंटाळा केला की ऑगस्टमध्ये उन्हाच्या वेळी पानं माना टाकतात, आणि पान मलूल झालं की साखर बनणं थांबतं. भर वाढीच्या दिवसांत एका वेलीला रोज चारशे-पाचशे लिटर पाणी लागू शकतं. नत्र जास्त दिलं तर पाला माजतो आणि फळ गळतं, म्हणून माती तपासल्याशिवाय अनुभवी माणूस खताची गोणी उघडत नाही.

परागीभवनाची सकाळ सगळ्यात नाजूक. मादी फूल उमलणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावर आणि निवडलेल्या नर फुलांवर जाळीदार पिशवी बांधतात, म्हणजे मधमाशी आधी पोचत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढतात आणि परागकोश मादीच्या कुक्षीच्या प्रत्येक भागावर अलगद फिरवतात. कुक्षीचे भाग चार, पाच किंवा अधिक असतात. एखादा सुटला तर त्या बाजूच्या बिया धरत नाहीत आणि फळ वाकडं होतं. कडक ऊन पडलं तर कोवळं फळ पिवळं पडून गळून जातं. म्हणून काही जण त्या दिवशी फुलाशेजारी बर्फाच्या पिशव्या ठेवतात. फळ बुडख्यापासून तीन-चार मीटर अंतरावर धरलं की त्याच्या मागे-पुढे भरपूर पानं मिळतात. दोन-तीन फळं थोडी वाढू देऊन त्यातलं एक ठेवायचं, बाकीची कापायची.

मग देठाची पाळी येते. फळ वाढतं तसं ते उंच होतं आणि वेलीला स्वतःबरोबर वर उचलायला लागतं. पण त्या वेलीचे पेर तर मातीत रुजवलेले! ती सुटी झाली नाही तर देठ वेलीपासून फाटतो आणि सगळा हंगाम एका रात्रीत संपतो. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मीटरपर्यंत पेरांची मुळं मुद्दाम तोडून ठेवतात, वेलीला फळापासून लांब जाणारा बाक देतात, आणि देठ वेलीशी काटकोनात येईल असं फळ रोज थोडंथोडं फिरवतात. एका दिवसात जास्त फिरवलं तर कोवळा देठ मोडतो.

परागीभवनानंतर पहिले दोन-तीन आठवडे फळात मुख्यतः पेशींची संख्या वाढते, नंतर त्या पेशी फुगत जातात. विसाव्या दिवसानंतर जोराची वाढ सुरू होते. चांगलं फळ दिवसाला वीस किलोंहून अधिक भरतं, म्हणजे तासाला जवळपास एक किलो. याच काळात सगळ्यात जास्त फळं फुटतात. घनफळ ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने साल वाढू शकत नाही. कोरडे दिवस गेल्यावर एकदम जोराचा पाऊस किंवा ढिसाळ पाणी दिलं की गर फुगतो, साल ताणली जाते आणि देठाजवळ किंवा खालच्या टोकाला चीर पडते. ऊन लागलेली साल लवकर कडक होते, म्हणून फळावर पांढरं कापड किंवा छप्पर असतं. फळाखाली वाळूचा थर घालतात, नाहीतर ओल्या मातीवर तळ कुजतो. वेलीच्या बुडख्याला फेसाळ, आंबूस वासाचा चिकट रस सुटणं हेही ओळखीचं दुखणं. तिथला कुजका भाग खरवडून, जखम कोरडी ठेवून, पंख्याचा वारा देत राहावं लागतं. भुरी हा बुरशीचा रोग आला की पांढरट डागांखाली पानं निकामी होतात आणि शेवटच्या महिन्याचं वजन जातं.

हे फळ गोल का राहत नाही, असा प्रश्न फोटो बघून पडतोच. मोठे भोपळे बसक्या उशीसारखे दिसतात. वाढणारा गर हळूहळू ताणला जातो आणि तसाच राहतो. स्वतःच्याच वजनाखाली फळ दिवसेंदिवस पसरत जातं आणि खालचा भाग कमानीसारखा आत वाकतो.

वजनाचा अंदाज शेतातच टेपने घेतात. आडवा घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतचं माप, आणि तसंच देठापासून टोकापर्यंतचं. या तिन्हींची बेरीज करून त्यासमोरचं अंदाजे वजन तयार तक्त्यात बघायचं. फळ आतून पोकळ असल्याने गर जाड निघाला तर काट्यावर तक्त्यापेक्षा जास्त भरतं, पातळ निघाला तर कमी. स्पर्धेत पोकळीपर्यंत पोचणारी एक चीर किंवा भोक असलं तरी फळ बाद होतं. नेताना दोरखंडांच्या झोळीत घालून तिकाटण्याने, म्हणजे तीन पायांच्या घोडीने, उचलतात, तेव्हा प्रत्येक दोरीवर सारखा ताण असायला हवा.

आपल्याकडे असं फळ का नाही? विक्रमी शेतं बहुतेक ४० ते ५१ अंश उत्तर अक्षांशांत आहेत. लिमिंग्टनला जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो, मुंबईत तेरा तासांच्या थोडा वर. शिवाय उबदार रात्री वेल दिवसभर कमावलेली साखर श्वसनात खर्च करते. थंड रात्री तीच साखर देठातून फळात जाते.

काट्यावरून उतरलेलं फळ नंतर कापलं जातं. खायला ते पाणचट आणि बेचव. किंमत असते ती आतल्या बियांना. त्या धुऊन, सावलीत वाळवून पाकिटात भरतात आणि पाकिटावर वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लिहितात, सोबत ज्या वेलीचे पराग वापरले तिचं नावही. त्यातलीही सगळी बी सारखी नसतात. एकाच फळातल्या दोन बियांपैकी एक टनभर देते आणि दुसरी निम्म्यावर थांबते, म्हणून एकाच पाकिटातली बी वेगवेगळ्या देशांतल्या शेतकऱ्यांकडे पेरून बघितली जाते.