शिवी नसलेल्या शब्दात शिवी दिसते तेव्हा

क्षितिज हे नाव रोमन लिपीत लिहा: के, एस, एच, आय, टी, आय, जे. पहिला के आणि शेवटचे आय-जे बोटाने झाका. मधे उरतात ती चार अक्षरे म्हणजे इंग्रजीतला विष्ठेसाठीचा अशिष्ट शब्द. हर्षित, दीक्षित, शितोळे यांच्या नेहमीच्या स्पेलिंगमध्येही तीच चार अक्षरे लागोपाठ येतात. दीक्षितांनी मधे एक्स घालून स्पेलिंग केले की ती गायब होतात. क्षितिजला तशी पळवाट नाही.

शिव्या गाळणारी साधी संगणकीय चाळणी अशा नावांवर अडखळते, कारण ती शब्द वाचतच नाही, फक्त अक्षरांची माळ शोधते. या घोटाळ्याला नाव मिळाले ते इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावावरून. 1996 मध्ये तिथल्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगमधली दुसरी ते पाचवी अक्षरे मिळून इंग्रजीतली एक अत्यंत घाणेरडी शिवी होते. शब्द नुसता अडवण्याऐवजी बदलायला सांगितला, तर आणखी गोंधळ. ढुंगणासाठीच्या ‘ॲस’च्या जागी सौम्य ‘बट’ घालणाऱ्या चाळण्यांनी ‘क्लासिक’चे ‘क्लबटिक’ केले. 2008 मध्ये एका अमेरिकी बातम्यांच्या संकेतस्थळावर ‘गे’चे आपोआप ‘होमोसेक्शुअल’ होत होते. धावपटू टायसन गे याच्या विजयाची बातमी तिथे ‘टायसन होमोसेक्शुअल’ या नावाने झळकली.

यावरचा पहिला उपाय सोपा आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल, तरच तो पकडायचा. क्षितिज आणि स्कन्थॉर्प दोघेही सुटतात. मात्र त्याच वेळी अक्षरांमध्ये टिंब किंवा चांदणी घालून शिवी देणाराही सुटतो. शिवाय खरा अवघड प्रश्न तसाच राहतो: अख्खा शब्दच दोन अर्थांचा असेल तर? 2020 मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांची परिषद ऑनलाइन भरली. तिथल्या प्रश्नोत्तरांच्या चाळणीने ‘बोन’ म्हणजे हाड आणि ‘प्यूबिक’ म्हणजे जघनास्थीशी संबंधित, हे शब्दच अडवले. जीवाश्मतज्ज्ञांनी हाडाचे नाव न घेता बोलायचे तरी काय?

माणसाचा मेंदू हे कोडे सोडवतो कसे? 1979 साली डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने ते मोजले. ऐकणाऱ्याच्या कानावर एक मजकूर पडतो: सरकारी इमारतीतल्या खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळे आणि इतर ‘बग्ज’ सापडले. बग म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेले यंत्रही बगच. तो शब्द कानावर पडताक्षणी समोर एक इंग्रजी शब्द झळकतो: मुंगी, हेर किंवा काहीच संबंध नसलेला शिवणे. हा खरा शब्द आहे की नुसती अक्षरजुळणी, एवढेच सांगायचे. झुरळांचा उल्लेख आधीच येऊन गेला आहे, तेव्हा फक्त मुंगी लवकर ओळखली जाईल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात हेरही शिवण्यापेक्षा झटकन ओळखला गेला. म्हणजे संदर्भ समोर असूनही दोन्ही अर्थ जागे झाले होते. हीच चाचणी तीन अक्षरे बोलण्याइतक्या अवधीनंतर घेतली, तेव्हा मुंगीचा फायदा टिकला आणि हेराचा संपला. मेंदू आधी सगळे अर्थ उचलतो आणि नको असलेला क्षणात खाली ठेवतो. अक्षरे शोधणाऱ्या चाळणीकडे ही दुसरी पायरीच नाही.

पण अभद्र अर्थ मेंदूलाही सहजी खाली ठेवता येत नाही. रंगीत शाईत छापलेला शब्द दाखवून फक्त शाईचा रंग विचारला, तर अशिष्ट शब्दांच्या बाबतीत उत्तर यायला वेळ लागतो. शब्दाचा अर्थ कोणी विचारलेलाही नसतो, तरी लक्ष तिकडेच ओढले जाते. माझ्या मते शब्दांच्या इतिहासातली एक मोठी उलथापालथ या ओढीतूनच समजते: अभद्र अर्थ घरात शिरला की बऱ्याचदा मूळ अर्थालाच घर सोडावे लागते.

‘ॲस’ म्हणजे गाढव, हा फार जुना शब्द. ढुंगणासाठीचा ‘आर्स’ मुळात वेगळाच. त्यातला र उच्चारातून गळला आणि दोघे एकसारखे ऐकू येऊ लागले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘डाँकी’ हा नवा शब्द आला आणि गाढव तिकडे राहायला गेले. ‘कॉक’ला पुरुषी इंद्रियाचा अर्थ चिकटला, तेव्हा अमेरिकेतला कोंबडा ‘रूस्टर’ झाला. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी 1933 मध्येच या दोन्ही जोड्या नोंदवल्या होत्या, आणि सोबत ‘नॉक्ड अप’ही: ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ थकून गेलेला, अमेरिकेत मात्र गरोदर, तोही असभ्य ढंगात.

कधी कधी नात्याचा लवलेश नसलेला शब्दही भरडला जातो. ‘निगर्डली’ म्हणजे कंजूष. कृष्णवर्णीयांसाठीच्या शिवीशी त्याच्या व्युत्पत्तीचा काहीही संबंध नाही. तरीही 1999 मध्ये वॉशिंग्टनच्या महापौरांच्या एका सहायकाने अर्थसंकल्पाबद्दल बोलताना तो वापरला, आणि गदारोळ होऊन त्याला राजीनामा द्यावा लागला. नंतर त्याला परत घेतले गेले. शब्दकोशाच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नव्हते. ऐकणाऱ्यांच्या कानाने ध्वनी ऐकला होता, व्युत्पत्ती नाही.

आपल्याकडच्या वाचकाने म्हणून शब्दकोश थोडा वेगळ्या नजरेने पाहावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात पहिला अर्थ सर्वांत जुना असतो. तो आज सर्वांत प्रचलित असेलच असे नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात सहसा प्रचलित अर्थ आधी येतो. अर्थापूर्वी तिरप्या अक्षरांत छापलेली खूण तर वगळूच नये. ‘व्हल्गर’ म्हणजे चारचौघांत न बोलण्याजोगा. ‘डेरॉगेटरी’ म्हणजे समोरच्याला कमी लेखणारा. ‘ऑफेन्सिव्ह’ म्हणजे हेतू नसला तरी ज्याच्याबद्दल बोललो त्याला लागणारा. देशाची खूणही पाहावी. आपण शाळेत ‘रबर’ मागतो तो ब्रिटिश इंग्रजीतला; अमेरिकेत त्याच शब्दाने निरोध समजतात, तिथे ‘इरेझर’ मागावा. ‘फॅग’ म्हणजे लंडनमध्ये सिगारेट, न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषाला दिलेली शिवी.

‘स्पास्टिक’च्या बाबतीत तर देशाबरोबर काळही पाहावा लागतो. 1972 मध्ये मुंबईत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याची अवस्था, असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली, तेव्हा तो साधा वैद्यकीय शब्द होता. ब्रिटनमध्ये मात्र पोरे एकमेकांना चिडवायला तो वापरू लागली, आणि 1994 मध्ये तिथल्या स्पास्टिक्स सोसायटीने स्वतःचे नाव बदलून ‘स्कोप’ केले. मुंबईच्या संस्थेचे नावही पुढे ‘अडॅप्ट’ झाले. डॉक्टरांच्या कागदावर मात्र स्नायूंच्या ताठरपणासाठी ‘स्पास्टिसिटी’ आजही लिहिले जाते.