हिमनदीवर स्पोर्ट्स शूज का चालत नाहीत?

‘चांगल्या ग्रिपचे स्पोर्ट्स शूज चालतील ना?’ आइसलँडच्या सहलीला निघालेल्या मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. हिमनदीवर चालायला नेणारे गाइड ‘नाही’ म्हणतात, तेव्हा पुष्कळांना ती बूट भाड्याने खपवण्याची युक्ती वाटते. पण या नकारामागे पक्कं पदार्थविज्ञान आहे. ते समजलं की सहलीची तयारी कशी करायची आणि आपल्या घरातल्या कोणाला हे जमेल, हेही बरंचसं आपोआप कळतं.

शाळेत आपण बर्फाच्या लादीतून वजन लावलेली तार आरपार जाण्याचा प्रयोग शिकलो. दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक उतरतो, दाब गेला की पाणी पुन्हा गोठतं, याला पुनर्हिमायन म्हणतात. जेम्स थॉमसनने 1849 मध्ये हे गणिताने मांडलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने ते प्रयोगाने पडताळलं. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यावरून ‘आपल्या वजनाने पायाखालचा बर्फ वितळतो, म्हणून आपण घसरतो’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र हिशेबात टिकत नाही.

हिशेब करूनच पाहू. 70 किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. वजन सुमारे 700 न्यूटन, बुटाच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस सेंटीमीटर. दाब झाला 35 हजार पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश. द्रवणांक एका अंशाने उतरवायला लागतो सुमारे 135 वातावरणांचा दाब. आपल्या पायाने तो उतरतो एका अंशाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका! उणे दहा अंशांवरचा बर्फ एवढ्याने वितळणं शक्य नाही, आणि तरी उणे दहालाही माणसं धडाधड पडतात.

खरं कारण बर्फाच्या पृष्ठभागातच आहे. बर्फाच्या पोटातला पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नाही, त्यामुळे त्याचे बंध कमी पडतात आणि तो गोठणबिंदूच्या खालीही सैल, हलता राहतो. बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी चिकटतात, यावरून मायकेल फॅरडेने 1850 मध्येच अशा पातळ द्रवसदृश थराचा तर्क केला होता. 1939 मध्ये बॉडेन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेचाही वाटा दाखवला. 2018 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम आणि माइन्झच्या संशोधकांनी बर्फावर पोलादाचं घर्षण मोजलं, तेव्हा ते सर्वांत कमी आढळलं उणे सात अंशांच्या आसपास. त्याहून थंडीत पृष्ठभागावरच्या रेणूंची हालचाल मंदावते. उलट शून्याच्या जवळ बर्फ मऊ पडतो, घासणारी वस्तू त्यात रुतते आणि घर्षण पुन्हा वाढतं.

‘शून्याजवळचा बर्फ मऊ पडतो’ हे वाक्य हिमनदीवर चालणाऱ्याने लक्षात ठेवावं. आइसलँडच्या दक्षिणेला सोल्हेइमायोकुल नावाची हिमनदी आहे, तिथे वर्षभर गाइडबरोबर चालायला जाता येतं. आइसलँडच्या हिमनद्यांचा बर्फ आतपर्यंत शून्याला टेकलेला असतो. उन्हाळ्यात त्यावर वितळलेल्या पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. ओल्या बर्फावर रबराचा तळ, कितीही नक्षीचा असो, पाण्यावर तरंगतो. तिथे उपयोगी पडतं ते क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली पट्ट्यांनी आवळायची पोलादी दात्यांची चौकट. आठ दाते टेकले आणि प्रत्येकाचं टोक दोन चौरस मिलिमीटरचं धरलं, तर तोच 700 न्यूटनचा भार 16 चौरस मिलिमीटरवर येतो. दाब चाळीस मेगापास्कलच्या, म्हणजे चार कोटी पास्कलच्या वर! बर्फ चिरडायला काही मेगापास्कल पुरतात. दाता आत घुसतो आणि आपण घर्षणाच्या भरवशावर राहत नाही.

आता बुटाकडे येऊ. क्रॅम्पॉनचा पुढचा आणि मागचा भाग एका धातूच्या पट्टीने जोडलेला असतो. स्पोर्ट्स शूजचा तळ प्रत्येक पावलाला वाकतो, पट्टी वाकत नाही. शिवाय पट्टा आवळला की मऊ फोम दबतो, शंभरेक पावलांत पट्टा ढिला होतो आणि दाते पायाखालून बाजूला सरकतात. म्हणून ताठ तळाचा, घोट्याच्या वर येणारा बूट लागतो. चालायची पद्धतही बदलावी लागते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना टाच रोवायची किंवा बुटाची कड लावायची सवय ट्रेकरच्या पायांत भिनलेली असते. इथे कड लावली की अर्धे दाते हवेत राहतात. पाऊल सपाट, गुडघे किंचित वाकलेले आणि दोन्ही पायांत जरा जास्त अंतर, नाहीतर एका पायाचा दाता दुसऱ्या पायाच्या सैल पँटीत अडकतो. पट्ट्याचं लोंबतं टोकही आत खोचायचं.

जीन्स नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ‘थोडी ब्रँडी घेतली की ऊब येते’ हा समज तर घातक आहे. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब जाणवते खरी, पण ती शरीरातून बाहेर पडणारी उष्णता असते. तोलही जातो.

आता, हे कोणाला जमेल याबद्दल. ‘सोपी’, ‘मध्यम’ असे शिक्के मारून आयोजक मोकळे होतात, याचा मला राग येतो. गुडघा दुखणाऱ्या माणसाला वाहनतळापासून बर्फापर्यंत सैल दगडगोट्यांवरून किती चालायचं, मूल सोबत असेल तर लहानातलं लहान क्रॅम्पॉन कोणत्या मापाचं मिळतं, मध्येच परतायचं ठरवलं तर सोबत कोण येईल, हे आधी कळायला हवं. ही अंतरं बदलतातही. सोल्हेइमायोकुल किती मागे हटली, हे जवळच्या क्वोल्सवोत्लुर गावातल्या शाळेची मुलं 2010 पासून दरवर्षी मोजतात. फ्रान्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर 1988 मध्ये केबलकारमधून उतरल्यावर तीन पायऱ्यांत बर्फ गाठता यायचा, पुढे त्या पाचशेवर गेल्या. गुडघ्यांची ही सगळी परीक्षा तापमानवाढीने घातली आहे.

चाकाच्या खुर्चीवरच्या पर्यटकाला क्रॅम्पॉनची वाट बंद आहे, पण हिमनदी पूर्णपणे बंद नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या हिमनदीच्या माथ्यावरच्या, 3454 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत 1912 पासून रेल्वे जाते आणि स्थानकातून वर हिमनदी पाहायला जायला लिफ्ट आहे. मात्र एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून जावं.

आणि गाइडशिवाय बर्फाच्या गुहेत शिरण्याची रील कोणी पाठवली, तर 25 ऑगस्ट 2024 आठवावा. त्या दिवशी आइसलँडमधल्या ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक मरण पावला, आणि तो गट तर गाइडबरोबर गेलेला होता. बर्फ वाहतो, वितळतो, त्यामुळे कालची वाट आज बिनधोक असेलच असं नाही. गाइड दिवसाची सुरुवात वाट पाहून, पायऱ्या नव्याने खोदून करतात. गुडघा, दमा, चक्कर, जे काही असेल ते त्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे त्या दिवशीची वाट आणि चालण्याचा वेग त्यांना त्याप्रमाणे ठरवता येतो.