चरक, काहील आणि १६ मिलिसेकंद

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. "मामा, ही लिस्ट बघा की जरा. ७० हजारांत बसवलीय." गेमिंगसाठी स्वतः जोडायच्या कॉम्प्युटरची ती यादी होती. आठ कोअरचा (हिशेब करणाऱ्या आठ भागांचा) महाग प्रोसेसर, १६ जीबी रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) एकच पट्टी, पुढून काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेली कॅबिनेट, 'लोकल ६०० वॅट' एवढंच लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. आणि या सगळ्यातून उरलेल्या पैशांत बसलेलं, सगळ्यांत छोटं ग्राफिक्स कार्ड.

मी तेव्हा काही बोललो नाही. रविवारी त्याला करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर घेऊन गेलो. कोल्हापुरात राहून पोराने गुऱ्हाळ नीट पाहिलेलं नव्हतं, हेही एक कारण होतंच.

चरकात ऊस जात होता, रस हौदात पडत होता. काहिलीत आधीचं आधण उकळत होतं, खाली चुलवाणात चिपाडं पेटली होती, आणि गुळव्या डोळे न हलवता काहिलीकडे बघत उभा होता. मी भाच्याला विचारलं, "उद्या मालकाने दुप्पट वेगाचा चरक आणला, तर दिवसाचा गूळ दुप्पट होईल का?" तो म्हणाला, "कसा होईल? काहील तेवढीच आहे. रस हौदात पडून राहील." मग मी त्याची यादी खिशातून काढली.

गेममधलं प्रत्येक चित्र असंच आधणासारखं तयार होतं. कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं का, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि 'हे हे काढ' अशी यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीवरून लाखो ठिपके रंगवतं. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागलेला असतो, जसा काहील उकळत असताना चरक पुढच्या आधणाचा रस काढतो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर ६.९४. या वेळात जो मागे पडतो तोच वेग ठरवतो. समजा प्रोसेसरला एका चित्रासाठी ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २०. तर सेकंदाला ५० चित्रं मिळतील. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तरी ५०च. तेच पैसे कार्डावर घालून त्याचा वेळ १० मिलिसेकंदांवर आणला, तर १००. भाच्याच्या यादीत चरक दांडगा होता आणि काहील चहाच्या पातेल्याएवढी.

काहील किती मोठी हवी ते पडदा ठरवतो. १९२० गुणिले १०८० च्या मॉनिटरवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर ३६ लाख ८६ हजार ४००, आणि ज्याला ४के म्हणतात त्यावर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रोसेसरचं काम पडदा मोठा झाल्याने फारसं वाढत नाही, कारण खेळातली माणसं आणि भिंती तेवढ्याच राहतात. कार्डाचं काम मात्र जवळपास ठिपक्यांच्या प्रमाणात वाढतं. म्हणून खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. लोक तो शेवटी उरलेल्या पैशांत घेतात.

कार्डाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खोक्यावर दिसते, पण समजून घेतली जात नाही: त्याची स्वतःची मेमरी. जीफोर्स आरटीएक्स ४०६० चं उदाहरण घेऊ. त्यावर ८ जीबी मेमरी आहे आणि तिच्यातून सेकंदाला २७२ जीबी माहिती उचलता येते. भिंतींचे, कपड्यांचे, चेहऱ्यांचे पोत, म्हणजे त्यांच्यावर चढवायची चित्रं, तिथे ठेवलेले असतात. ते ८ जीबीत मावले तर सगळं सुरळीत चालतं. नाही मावले, तर उरलेलं सामान मुख्य रॅममधून मदरबोर्डाच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीच्या) वाटेने आणावं लागतं, आणि या कार्डाची ती वाट, पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या आठ पदरांची, सेकंदाला सुमारे १६ जीबीची आहे. म्हणजे सतरापट अरुंद. जुन्या ३.० मदरबोर्डावर तीही निम्मी होते. खेळताना मध्येच जो हिसका बसतो, त्याचं एक मोठं कारण हे. सरासरी वेग कागदावर ६० दिसतो, पण त्यातलं एखादं चित्र १०० मिलिसेकंद अडकलेलं असतं आणि डोळ्याला तेच खुपतं. म्हणून तुलना वाचताना सरासरीबरोबर 'एक टक्का लो' हा आकडाही बघावा. सगळ्यांत हळू आलेल्या चित्रांचा हिशेब त्यात असतो.

प्रोसेसरचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके घेणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त साडेसात सेंटिमीटर जातो. रॅमची पट्टी साधारण तेवढ्याच अंतरावर असते, पण तिच्याकडून उत्तर यायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे तीनशे ठोके नुसती वाट बघण्यात जातात. यावर उपाय म्हणून प्रोसेसरच्या आतच छोटी, जलद मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. गेममध्ये कुठल्या क्षणी कुठली माहिती लागेल याचा नेम नसतो, त्यामुळे कॅश मोठी असेल तर फायदा थेट दिसतो. एएमडी कंपनीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला, तेव्हा ३२ एमबी कॅशवर आणखी ६४ एमबीचा मजला चढवून ती ९६ एमबी केली. ठोक्यांचा वेग त्याच्या साध्या भावंडापेक्षा थोडा कमी असूनही बहुतेक गेममध्ये तो पुढे गेला.

हाच धडा स्वस्तातही लागू पडतो. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी ही नावं सारखी दिसतात, दोघांनाही सहा कोअर आहेत. पण पहिल्यात ३२ एमबी मोठी कॅश आहे, दुसऱ्यात १६. शिवाय दुसरा पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंतच जातो. वेगळं कार्ड घ्यायचंच नसेल तर ५६००जी उत्तम, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. कार्ड घेणार असाल तर शेवटचं ते 'जी' अक्षर नको. भाच्याला मी ५६०० सुचवला.

रॅमची एक पट्टी काढून ८-८ जीबीच्या दोन घ्यायला लावल्या. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, आणि दोन योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. क्षमता तीच, वाट दुप्पट रुंद. बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, सुरू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने चालत राहते. एसएसडीबद्दल, म्हणजे गेम साठवायच्या डिस्कबद्दल, फार लिहीत नाही. एनव्हीएमई हा जलद प्रकार घ्या, गेम लवकर उघडेल, खेळतानाचा वेग जवळपास तोच राहील.

आता उष्णता. या विषयावर कोल्हापूरकराला शिकवायची गरज पडू नये. शिरोलीच्या फौंड्र्या, उद्यमनगरातली इंजिनं, हे आपलं घरचं ज्ञान आहे. तरी एक तुलना करून बघा. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ धरा १८० चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेपाच वॅट. ५६०० च्या आतली सिलिकॉनची मुख्य चकती जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरची, आणि भर कामात प्रोसेसर ७५ वॅटच्या आसपास खातो, त्यातला बराचसा भाग त्या चकतीत. चौरस सेंटिमीटरला हा आकडा इस्त्रीच्या दहापटीहून जास्त भरतो. ही उष्णता तिथून हलवली नाही तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

हलवण्याचं काम कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या करतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते १०० अंशांच्या बरंच आधी उकळतं, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पुढे ॲल्युमिनियमच्या फिन्स (पातळ पात्या) आणि पंखा. मोटारसायकलच्या इंजिनावर असतात त्याच कामाच्या फिन्स. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलर यांच्या मधल्या सूक्ष्म खळग्यांत हवा राहू नये म्हणून थर्मल पेस्ट लावतात. तांबं हवेपेक्षा हजारो पट चांगली उष्णता वाहतं, त्यामुळे तिथे राहिलेला हवेचा बारीक थरही महागात पडतो. मटाराएवढी पेस्ट पुरते.

कूलरने उष्णता कॅबिनेटच्या आतच टाकली, ती बाहेर घालवायचं काम अजून बाकी असतं. सगळा संच २५० वॅट खात असेल तर २५० वॅट उष्णताच बाहेर पडते, दुसरं काही नाही. पंख्यांनी मिनिटाला ५० घनफूट हवा खेळवली तर ती आत शिरताना जेवढी गरम होती त्यापेक्षा सुमारे ९ अंशांनी तापून बाहेर येईल. पुढच्या काचेने वाट अडवून ती २० घनफुटांवर आणली तर २२ अंशांनी. मे महिन्यात शिवाजी पेठेतल्या माडीवरच्या खोलीत ३४ अंश असतील, तर पहिल्या कॅबिनेटमधून ४३ अंशांची हवा निघेल आणि दुसरीतून ५६ ची. म्हणून काचेऐवजी पुढे जाळी. भाच्याला हा बदल सगळ्यांत जड गेला. दिवे त्याला आवडले होते, आणि त्या वयात ते आवडावेत. आम्ही पुढे जाळी आणि एका बाजूला काच असलेली कॅबिनेट शोधली.

खोलीचंही लक्षात ठेवा. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीतली हवा २५० वॅटने सव्वादोन मिनिटांत एक अंश तापते, भिंतींनी काही शोषलं नाही असं धरलं तर. खिडकी उघडी हवी. आणखी एक सोपा इलाज आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर त्याच वेगाला ठोक्यांवर खर्च होणारी वीज १९ टक्के कमी लागते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून हे करता येतं, प्रत्येक चिप थोडी वेगळी असल्यामुळे थोडं थोडं उतरवत जावं.

एसएमपीएसबद्दल मी हट्टाने बोलतो, कारण माझा पहिला कॉम्प्युटर त्यानेच संपवला. स्वस्तातला, बिननावाचा घेतला होता. एका पावसाळी रात्री लाईट दोनदा गेली-आली, आणि सकाळी मदरबोर्डही मेलेला होता. तेव्हा पैसे जमवायला वर्ष लागलं होतं.

भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते, सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. एसएमपीएस तिचं स्थिर १२ व्होल्ट करतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, आणि चांगल्या एसएमपीएसने लाईट गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. हा आकडा ६० च्या वेगातल्या एका चित्राएवढाच निघतो, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. यूपीएसने, म्हणजे बॅटरीच्या डब्याने, त्या वेळात सूत्रं हाती घ्यायला हवीत. घरच्या इन्व्हर्टरला साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्यावरचं यूपीएस मोडचं बटण बघा, आणि लहर साइन वेव्हची (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत) आहे का तेही विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॅट देत नाही, बहुतेकदा ३६० च्या आसपासच देतो.

एसएमपीएसवरचा '८० प्लस'चा शिक्का काटकसर सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती टक्के आत पोचते ते. ब्राँझ अर्ध्या भारावर साधारण ८५ टक्के, गोल्ड ९०. रोज चार तास २५० वॅट खेळलात तर दोघांत वर्षाला २४ युनिटांचा फरक. फार नाही. पण जादा व्होल्टेज, जादा करंट आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण हा शिक्का तपासत नाही, ते वेगळं बघावं लागतं. कार्डाचा वापर काही मिलिसेकंदांपुरता छापील आकड्याच्या बराच वर उसळतो, म्हणून २५० वॅटच्या संचाला आम्ही नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतला.

सगळं जोडून झालं, पडद्यावर चित्र आलं, आणि भाच्याने कॅबिनेटला हात लावून झटकन मागे घेतला. "मामा, मुंग्या आल्या!" जुनं घर, तीन पिनांचं सॉकेट, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो आणि अनवाणी माणसाला झिणझिण्या देतो. करंट थोडा असतो, पण आत बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो. टेस्टर लावला तर दिवा मंद लागत होता. मशीन बंद केलं आणि वायरमनला बोलावलं.

दोन दिवस लागले. परड्यात खड्डा काढला, त्यात मीठ-कोळशासह पाइप गाडला, तिथून जाड वायर माडीवर नेली. भाचा ते दोन दिवस गेम न खेळता खड्ड्याशी उभा होता, पाणी ओतायला. तिसऱ्या दिवशी त्यानेच पत्र्याला टेस्टर लावला.

"विझलाय, मामा."