टीव्हीला वीज मिळणं वेगळं, चॅनल मिळणं वेगळं

परदेशी बिऱ्हाड हलवताना टीव्ही सोबत न्यायचा की नाही, हे ठरवायला बहुतेक जण त्याच्या पाठीवरचं लेबल बघतात. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं दिसलं की टीव्ही कुठेही चालेल असं धरून तो खोक्यात जातो. नव्या घरी तो सुरू होतो, कंपनीचं चिन्ह झळकतं, मेनूही उघडतो. मग अँटेना जोडून चॅनल शोधायला लावले, की आकडा शून्यावरून हलत नाही. टीव्ही बिघडलेला नसतो. लेबलवर फक्त विजेची माहिती होती, प्रक्षेपणाची नव्हतीच.

मल्टिव्होल्टेज आणि मल्टिसिस्टिम या दोन शब्दांची गल्लत इथेच होते. पहिला शब्द टीव्हीच्या पॉवर सप्लायचा, म्हणजे तो किती व्होल्टची वीज चालवून घेतो याचा. दुसरा त्याच्या ट्यूनरचा, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतींचं प्रक्षेपण पकडून उलगडणाऱ्या भागाचा.

विजेचं काम त्यातल्या त्यात सोपं. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो आणि आत त्याची डीसी करून टाकतो. अशा टीव्हीला नव्या सॉकेटात बसणारी पिन मिळाली की झालं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही टीव्हींवर मात्र फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. असा टीव्ही २३० व्होल्टला जोडला तर जळू शकतो, त्याला ट्रान्सफॉर्मरच हवा. पिन बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण या चुकीत पैसे जातातच, आगीचाही धोका असतो.

५० आणि ६० या आकड्यांनी तर भल्याभल्यांना गोंधळात पाडलंय. विजेच्या लेबलवर ५०/६० हर्ट्झ असतं आणि चित्राच्या सेटिंगमध्येही ५० किंवा ६० हर्ट्झ दिसतं. हा योगायोग नाही. टीव्ही सुरुवातीच्या काळात असताना विजेची गुणगुण पडद्यावर सरकत्या पट्ट्यांसारखी दिसायची. तो त्रास टाळायला चित्राचा वेगही त्या देशातल्या विजेच्या वेगाशी जुळवून ठरवला गेला. ५० हर्ट्झच्या युरोपात सेकंदाला ५० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची), ६० हर्ट्झच्या अमेरिकेत ६०. आज ते नातं उरलेलं नाही, आकडे मात्र तेच राहिले. जपान बघा. तिथे पूर्वेकडे, टोकियोत, वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेकडे, ओसाकात, ६० हर्ट्झची. टीव्हीचं चित्र मात्र देशभर ६०च्याच हिशेबाचं.

खरं घोडं पेंड खातं ते ट्यूनरपाशी. अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल चॅनलच्या जगात चार मुख्य पद्धती आहेत. युरोप, भारत आणि ऑस्ट्रेलियात डीव्हीबी, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी, जपान, ब्राझील आणि फिलिपिन्समध्ये आयएसडीबी, चीनमध्ये डीटीएमबी. मूळ एटीएससी सगळी माहिती एकाच वाहक लहरीवर चढवते, तर डीव्हीबी ती हजारो बारीक लहरींवर वाटून पाठवते. एकीसाठी बनवलेल्या ट्यूनरला दुसरी उलगडता येत नाही. हा फरक चिपमधला असल्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट करूनही उपयोग नसतो. एकाच घराण्यातही पिढ्या आहेत. जर्मनीने २०१७पासून अँटेनावरचं प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ वर नेलं, त्यामुळे नुसता आधीच्या पिढीचा, डीव्हीबी-टी ट्यूनर तिथे कामाचा नाही.

‘पाल/सेकाम/एनटीएससी’ असं लिहिलेला टीव्ही म्हणजे मल्टिसिस्टिम, हा समजही आता सोडायला हवा. ती तिन्ही नावं अॅनालॉग जमान्यातली. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबलं. त्या तीन नावांवरून टीव्ही कोणतं डिजिटल प्रक्षेपण पकडेल, ते कळत नाही.

वीज जुळली तरी चॅनल जुळतीलच असं नाही, याचं उत्तम उदाहरण म्हणजे दक्षिण कोरिया. जर्मनीतून तिथे गेलात तर पिनसुद्धा सॉकेटात नीट बसते, वीज २२० व्होल्ट मिळते आणि तरीही अँटेनावर एकही चॅनल लागत नाही. तैवानमध्ये वीज ११० व्होल्टची आहे, पण प्रक्षेपण मात्र डीव्हीबीचं.

यावर सरळ उपाय आहे, आणि म्हणूनच चांगला टीव्ही केवळ ट्यूनरपायी मागे सोडू नये असं मला मनापासून वाटतं. नव्या देशातला सेट-टॉप बॉक्स घ्या आणि एचडीएमआय केबलने जोडा. एचडीएमआय जगभर एकच आहे. स्थानिक प्रक्षेपण उलगडायचं काम बॉक्स करतो, टीव्ही फक्त चित्र दाखवतो. केबल किंवा डिशचं कनेक्शन घेतलं तर बॉक्स बहुधा त्यांच्याकडूनच मिळतो. फक्त इंटरनेटवरच बघणार असाल तर ट्यूनरचा प्रश्नच येत नाही. टीव्हीतली अॅप्स जुन्या देशाच्या यादीतलीच दिसत असतील, तर सेटिंगमध्ये देश बदलून बघा, नाहीतर वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा.

अमेरिकेतून ५० हर्ट्झच्या देशात जाणाऱ्यांनी आणखी एक बघून ठेवावं. तिकडचे काही टीव्ही एचडीएमआयवरून आलेलं ५० हर्ट्झचं चित्र स्वीकारत नाहीत. बॉक्स चालू असूनही पडदा काळा राहतो किंवा ‘सिग्नल नाही’ असं येतं. टीव्ही नेण्याआधी त्याच्या माहितीपुस्तिकेत १०८०पी किंवा २१६०पी (फुल एचडी किंवा ४के चित्र) यापुढे ५० हर्ट्झ दिलंय का, ते शोधा. नसेल तर ६० हर्ट्झचं आउटपुट देणारा बॉक्स मिळतो का, हे टीव्ही खोक्यात भरण्याआधीच विचारून घ्या.