बॅगपाइप खरंच बेसूर असतो का?
‘बॅगपाइप (पिशवीत हवा भरून वाजवायचं नळ्यांचं वाद्य) मुळातच बेसूर, म्हणून स्कॉटलंडच्या संगीतकारांना तो वाद्यवृंदात घेता येत नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं वाटण्याला कारण आहे. स्कॉटलंडच्या प्रसिद्ध हायलँड बॅगपाइपवर स्वर नऊच, आवाज लहान-मोठा करता येत नाही आणि तानपुऱ्यासारखा आधारस्वर अखंड चालू. त्याची पट्टीही वेगळी. मोबाइलवर ट्यूनर, म्हणजे स्वर मोजणारं ॲप, लावून पाहा: मुख्य स्वर पाश्चात्त्य संगीतातल्या बी-फ्लॅटच्या, म्हणजे ४६६ हर्ट्झच्या, बहुधा थोडा वर दिसेल. म्हणजे तो बेसूर नाही, त्याची पट्टी वेगळी आहे. म्हणून रचनाकार वाद्यवृंदाला बी-फ्लॅटशी जुळणारी पट्टी देतात किंवा वादक ४६६ला लागणारी खास नळी वापरतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या लग्नाची १९८५ची वाद्यवृंदरचना, पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांची ‘अॅन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज’, जरूर ऐका. शेवटी सूर्योदय होतो तो बॅगपाइपवरच, आणि काय देखणा होतो!